नाव कोणाचे, गाणे कोणाचे? नॉर्वेतील एका बेसवादकाची कारकीर्द

मार्च २००९ मध्ये ऑस्लोच्या जिल्हा न्यायालयाने एका संगीतसमूहाच्या नावाबाबत निकाल दिला. वाद 'गोर्गोरोथ' या चार अक्षरांचा होता. एका बाजूला हा समूह १९९२ साली स्थापन करणारा गिटारवादक होता, तर दुसऱ्या बाजूला त्याच समूहाचा गायक आणि बेसवादक. या दोघांनी संस्थापकालाच बाहेर काढल्याचे जाहीर केले होते आणि नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी बेसवादकाच्या नावे झाली होती. न्यायालयाने ती नोंदणी अवैध ठरवली. संस्थापकाला त्याच्याच समूहातून काढता येत नाही, तसा प्रयत्न करणाऱ्यांनी स्वतःच समूहाबाहेरचा रस्ता धरला असे मानावे लागेल, असा या निकालाचा आशय होता.

खटला हरलेला तो बेसवादक म्हणजे टॉम काटो विस्नेस. ब्लॅक मेटल या संगीतप्रकाराचे श्रोते त्याला 'किंग ऑव्ह हेल' या रंगमंचीय नावाने ओळखतात. चेहऱ्याला पांढरा-काळा रंग फासून, मनगटावर खिळ्यांचे पट्टे बांधून वावरणाऱ्या कलावंताची गाठ पेटंट कार्यालयातील अर्ज आणि व्यापारचिन्हांचा कायदा यांच्याशी पडावी, याची गंमत कोणालाही वाटेल. पण भागीदारीत काम करणाऱ्या कोणत्याही व्यावसायिकाने थोडे थांबून पाहावे असा हा प्रसंग आहे. संस्था एकाने उभी केली, पुढे तिचे काम दुसऱ्याने वाढवले आणि मग दोघांचे बिनसले, तर दारावरची पाटी कोणाकडे राहते? विस्नेसच्या कारकिर्दीत हा प्रश्न एकदा नव्हे, दोनदा आला.

ब्लॅक मेटलची ओळख नसलेल्यांसाठी पार्श्वभूमी थोडक्यात सांगायला हवी. १९९० च्या दशकाच्या आरंभी ऑस्लो आणि बर्गन या शहरांतील विशीतल्या मुलांनी हेवी मेटल संगीताला एक कडवट, थंड, मुद्दाम ओबडधोबड रूप दिले. गाण्यांत सैतान, मृत्यू, हिवाळा आणि ख्रिस्तपूर्व नॉर्डिक जग. गायन म्हणजे घशातून ओढून काढलेला चीत्कार. हा विरोध केवळ गाण्यांपुरता राहिला नाही. जून १९९२ मध्ये बर्गनजवळचे फान्टॉफ्ट येथील प्राचीन लाकडी चर्च जाळण्यात आले आणि त्यानंतर आणखी काही चर्चे पेटली. ऑगस्ट १९९३ मध्ये 'मेहेम' समूहाचा गिटारवादक युरोनिमस याचा खून झाला. त्याबद्दल 'बुर्झुम' या नावाने संगीत करणाऱ्या वर्ग विकर्नेसला पुढच्या वर्षी २१ वर्षांची शिक्षा झाली. या घटनांवर पुस्तके निघाली, चित्रपट निघाले आणि जगभरच्या वृत्तपत्रांना वर्षानुवर्षे मजकूर मिळाला. संगीताकडे मात्र त्यामानाने कमी लक्ष गेले.

विस्नेस या पहिल्या पिढीतला नव्हे. तो गोर्गोरोथमध्ये १९९९ साली आला, तेव्हा आगी विझल्या होत्या, खटले संपले होते आणि ब्लॅक मेटल हा नॉर्वेच्या सांस्कृतिक निर्यातीचा एक काहीसा अवघडलेला पण पक्का भाग होऊ लागला होता. गोर्गोरोथचे चार अल्बम तोवर प्रसिद्ध झाले होते. 'इन्फर्नस' हे नाव घेणाऱ्या रॉजर टिग्सने हा समूह उभा केला होता. समूहाचे नाव टोल्किनच्या कादंबऱ्यांतील मॉर्डोर देशातल्या एका उजाड पठाराचे. सदस्य येत-जात राहिले, इन्फर्नस तेवढा कायम राहिला. ही साधी गोष्ट पुढे न्यायालयात फार मोलाची ठरली.

या संगीतात बेसवादकाचे स्थान काय असते, हे समजल्याशिवाय विस्नेसचे वेगळेपण कळणार नाही. बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. साध्या गिटारची सर्वांत जाड तार त्याच्या दुप्पट, सुमारे ८२. रॉक संगीतात ढोल आणि गिटार यांच्यामधला सांधा बेस जोडतो. ताल कुठे पडतो आणि स्वर कुठे उभा आहे, या दोन्हींची साक्ष तोच देतो. ब्लॅक मेटलची घडण मात्र त्याच्या विरोधात जाते. गिटारवादक एकाच स्वरावर पिकचा अखंड वर-खाली मारा करत ध्वनीची भिंत उभी करतो, तर ढोलवादक दोन्ही पायांनी मोठा ढोल इतक्या वेगाने वाजवतो की खालच्या पट्टीतील सारी जागा त्यानेच व्यापलेली असते. त्यातच सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत मुद्दाम कर्कश, पातळ आवाज पसंत केला जाई. त्यामुळे बेस असूनही नसल्यासारखा होई. अनेक गाजलेल्या अल्बमांत तो ऐकू येण्यासाठी कान टवकारावे लागतात.

त्या काळाची एक विलक्षण आठवण याच वाद्याशी जोडलेली आहे. मेहेमचा १९९४ चा 'दे मिस्तेरीस दोम साथानास' हा या प्रकारातील पायाभूत अल्बम मानला जातो. त्यात गिटार युरोनिमसची आहे आणि बेस त्याच्या मारेकऱ्याचा. मृताच्या आईवडिलांनी ते बेसवादन काढून टाकण्याची विनंती केली होती. पण ते नव्याने वाजवले गेले नाही, मिश्रणात नुसते मागे ढकलले गेले. म्हणजे या संगीतातला बेस मागे लोटला जातो तो केवळ अभिरुचीमुळे असे नाही, एखाद्या वेळी त्याचे कारण याहून फार भीषण असते.

हा अल्बम बर्गनच्या ग्रीगहालेन सभागृहातील स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. 'पिट्टेन' या नावाने ओळखले जाणारे आयरिक हुंडव्हिन तिथे ध्वनिमुद्रण करीत. या प्रकारातील अनेक महत्त्वाचे अल्बम त्यांच्या हातून गेले. नॉर्वेचा राष्ट्रीय संगीतकार एडवर्ड ग्रीग याचे नाव असलेल्या, १९७८ मध्ये उघडलेल्या, बर्गनच्या वाद्यवृंदाच्या या घरात शहरातली सर्वांत बेबंद पोरे येऊन ध्वनिमुद्रण करीत होती. बर्गन तसे आटोपशीर शहर आहे. एकमेकांना ओळखत नाही असा वादक तिथे क्वचितच सापडेल. विस्नेसच्या कारकिर्दीत तीच ती नावे पुन्हा पुन्हा भेटतात, त्याचे कारण हेच.

गोर्गोरोथमध्ये त्याचा पहिला अल्बम 'इंकिपिट सेटन' २००० साली आला. २००३ च्या 'ट्वायलाइट ऑव्ह द आयडल्स' मध्ये त्याचा हात केवळ वादनापुरता राहिला नव्हता, रचनाकार म्हणूनही तो पुढे येऊ लागला होता. याच काळात 'क्वित्राफ्न' या नावाने ढोल वाजवणारा आयनार सेल्विक समूहात होता. पुढे त्याने 'वार्द्रुना' हा प्राचीन नॉर्डिक वाद्यांवर आधारलेला समूह काढला आणि 'व्हायकिंग्ज' या दूरचित्रवाणी मालिकेमुळे ते संगीत जगभर पोचले. सेल्विक आणि विस्नेस या दोघांनी मिळून 'योतुन्स्पोर' नावाने २००६ मध्ये एक अल्बमही केला. आज वार्द्रुनाचे शांत, गंभीर संगीत ऐकणाऱ्या अनेकांना त्याची मुळे कोणत्या कल्लोळात आहेत याची कल्पना नसते.

१ फेब्रुवारी २००४ रोजी पोलंडमधील क्राकूफ येथे, दूरचित्रवाणीच्या एका स्टुडिओत गोर्गोरोथचा कार्यक्रम झाला. रंगमंचावर मेंढ्यांची मुंडकी खांबांवर रोवलेली, सर्वत्र मेंढ्यांचे रक्त आणि क्रुसांवर विवस्त्र माणसे उभी केलेली. कॅथलिक परंपरा घट्ट असलेल्या देशात, पोप जॉन पॉल दुसरे यांनी ज्या शहरात आर्चबिशप म्हणून काम केले त्याच शहरात, हे घडले. धार्मिक भावना दुखावणे हा पोलंडच्या दंडसंहितेत गुन्हा आहे. पोलिसांनी चित्रफिती जप्त केल्या आणि प्राण्यांशी क्रूर वर्तन झाले का याचीही चौकशी झाली. अखेर दंड भरावा लागला तो आयोजकाला, समूहाला नव्हे. मात्र 'न्यूक्लिअर ब्लास्ट' या जर्मन कंपनीशी असलेले समूहाचे नाते या प्रकरणानंतर संपुष्टात आले. जप्त झालेले ते चित्रण २००८ मध्ये डीव्हीडी म्हणून बाजारात आले आणि विकलेही गेले. बदनामीचे भांडवल कसे होते, याचे याहून सरळ उदाहरण शोधायला नको. पण नाव जितके बदनाम झाले तितके ते मौल्यवानही झाले, आणि पुढच्या भांडणाचे एक कारण यातच आहे.

२००६ हे वर्ष विस्नेसच्या दृष्टीने सर्वांत फलदायी म्हणावे लागेल. 'आद मायोरेम साथानास ग्लोरिआम' हा गोर्गोरोथचा आठ गाण्यांचा, जेमतेम अर्ध्या तासाचा अल्बम 'रिगेन' या स्वीडिश कंपनीने काढला. त्यातील संगीताचा मोठा वाटा विस्नेसचा आणि शब्द गायक गॉल याचे. ढोल वाजवायला 'सॅटिरिकॉन' समूहाचा फ्रॉस्ट आला होता. हा अल्बम ऐकताना गीतकाराची नजर जाणवते. सगळी गाणी एकाच वेगाने धावत नाहीत. 'कार्व्हिंग अ जायंट' सारख्या गाण्यात आघात आहे, तर 'साइन ऑव्ह अॅन ओपन आय' जवळजवळ प्रार्थनेच्या संथ चालीने पुढे सरकते आणि तिथे खालच्या स्वरांना प्रथमच श्वास घ्यायला जागा मिळते. बेसवादकाने रचलेले संगीत आहे म्हणून त्यात बेस मोठा असेल असे नव्हे. पण गाण्याचा पाया कुठे भक्कम करायचा आणि कुठे तो काढून घ्यायचा, याची जाण त्यात दिसते. जुन्या चाहत्यांपैकी काहींना हा स्वच्छ, वजनदार आवाज पहिल्या अल्बमांच्या रानटी कर्कशतेपुढे फिका वाटतो. तो आक्षेप रुचीचा आहे आणि रुचीपुरताच खरा आहे.

त्याच वर्षी तो 'आय' या एकाक्षरी नावाच्या समूहातही होता. 'इम्मॉर्टल' चा अबाथ गायन व गिटारवर, 'एन्स्लेव्ह्ड' चा आइस डेल दुसऱ्या गिटारवर, आर्मागेडा ढोलावर आणि शब्द डेमोनाझचे. त्यांचा 'बिट्वीन टू वर्ल्ड्स' हा अल्बम ब्लॅक मेटलपेक्षा जुन्या हेवी मेटलच्या जवळ जातो आणि तिथे बेस अगदी स्पष्ट ऐकू येतो. 'साग' या समूहाचा पहिला अल्बमही २००६ चाच. तो तर संथ, जड, १९७० च्या दशकातील रॉकची आठवण देणारा. त्याआधी 'ऑड्री हॉर्न' या हार्ड रॉक समूहाच्या सुरुवातीच्या काळातही तो होता. एकाच गावात राहून एकाच वेळी चार प्रकारचे संगीत करणारा हा माणूस केवळ 'सैतानी' या एका विशेषणात मावत नाही.

ऑक्टोबर २००७ मध्ये ठिणगी पडली. गॉल आणि विस्नेस यांनी इन्फर्नसपासून वेगळे झाल्याचे जाहीर केले, परंतु 'गोर्गोरोथ' हे नाव आपल्याकडे ठेवून. नॉर्वेच्या पेटंट कार्यालयात व्यापारचिन्हाची नोंदणीही विस्नेसच्या नावाने झाली. इन्फर्नसने आपण समूह सोडलेला नाही असे सांगत न्यायालयाची वाट धरली. मधल्या दीड वर्षात चाहत्यांपुढे एकाच नावाचे दोन दावेदार होते. गॉल आणि विस्नेस यांनी गिटारवादक टेलोक आणि इंग्लंडचा ढोलवादक निक बार्कर यांना घेऊन कार्यक्रम केले आणि २००८ मध्ये जर्मनीतील वाकेन महोत्सवात ते गोर्गोरोथ म्हणूनच रंगमंचावर उभे राहिले.

इथे कायद्याच्या तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंततात, त्या सोडवून पाहायला हव्यात. पहिली, रचना. गाणे ज्याने रचले त्याचा त्यावरचा हक्क तो समूहात राहो वा न राहो, टिकतो आणि गाणे कुठेही वाजले तरी त्याचा मोबदला रचनाकाराकडे जातो. नॉर्वेत हे काम 'टोनो' ही संस्था पाहते. दुसरी, ध्वनिमुद्रण. त्यावर सामान्यतः करारानुसार कंपनीचा आणि वादकांचा हक्क असतो. तिसरी, नाव. ते ना रचना, ना ध्वनिमुद्रण. नाव ग्राहकाला सांगते की हा माल कोणाकडून आला. म्हणून नावाचा प्रश्न उत्तम गाणी कोणी लिहिली यावर सुटत नाही. हे नाव लोकांच्या मनात कोणाशी जोडले गेले आहे आणि ते सातत्याने कोणी वापरले आहे, यावर तो सुटतो. नॉर्वेच्या कायद्यात नोंदणी न करताही, दीर्घ वापराने नाव प्रस्थापित करून हक्क मिळवता येतो. त्यामुळे पेटंट कार्यालयात जो आधी पोचला तोच मालक, असे समीकरण तिथे चालत नाही.

विस्नेसच्या बाजूने विचार केला तर त्याची तक्रार समजण्यासारखी आहे. अलीकडचे संगीत बहुतांशी आपले, आवाज आणि शब्द गॉलचे, रंगमंचावर लोक पाहतात तेही आपल्यालाच. मग संस्थापक असणे एवढ्याच भांडवलावर तिसऱ्याने नाव का राखावे? नैतिकदृष्ट्या हा प्रश्न पोकळ नाही. परंतु त्याची चूक अशी, की रचनेवरून मिळणाऱ्या हक्कातून त्याने नावाचा हक्क काढू पाहिला. न्यायालयाने पाहिले ते असे की, १९९२ पासून या नावाखाली अखंड उभा असलेला माणूस एकच आहे. तो स्वतः जात नाही तोवर नाव त्याच्याजवळच राहते. बाकीच्यांना समूह सोडून जाण्याचे स्वातंत्र्य होते, समूह बरोबर घेऊन जाण्याचे नव्हते. लिखित करार असता तर कदाचित वेगळे घडले असते. पण विशीतली मुले तळघरात जमून समूह काढतात तेव्हा करार कोण लिहितो?

निकालानंतर दोघांनी 'गॉड सीड' हे नाव घेतले. ते आले होते विस्नेसच्या गोर्गोरोथकाळातील शेवटच्या अल्बममधल्या एका गाण्याच्या शीर्षकातून. पाटी गेली, पण गाणे हातात राहिले होते, त्याच गाण्यातून नवी पाटी केली. वाकेनचे २००८ चे ध्वनिचित्रमुद्रण २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले ते गॉड सीडच्या नावाने. वादक तेच, गाणी तीच, रात्र तीच, फक्त वेष्टनावरचे नाव निराळे. इन्फर्नसने आपल्या बाजूने जुना गायक पेस्ट आणि अमेरिकेतील 'ओबिच्युअरी' समूहाचा बेसवादक फ्रँक वॉटकिन्स यांना घेऊन २००९ च्या अखेरीस गोर्गोरोथचा नवा अल्बम काढला. समूह चालू राहिला. चाहते वाटले गेले, आणि कित्येकांनी दोन्हीकडची तिकिटे काढली.

विस्नेसच्या मागचे शुक्लकाष्ठ मात्र संपले नव्हते. २००९ मध्येच गॉलने मेटल संगीतातून बाजूला होत असल्याचे सांगितले. गॉड सीडसाठी रचलेली गाणी तयार होती आणि गायक नव्हता. त्याने 'डिम्मू बोर्गिर' चा गायक शाग्रात याला बरोबर घेतले, 'ऑव्ह हेल' हे आपल्याच रंगमंचीय नावातले दोन शब्द समूहाला दिले आणि २०१० च्या आरंभी 'द अंडरवर्ल्ड रेजीम' हा अल्बम आणला. ढोलावर पुन्हा फ्रॉस्ट, गिटारवर आइस डेल आणि टेलोक. एका आवाजासाठी लिहिलेली गाणी दुसऱ्या आवाजात कशी उतरतात, हे ऐकायचे असेल तर हा अल्बम उपयोगी आहे. गाण्यांचा सांगाडा भक्कम आहे, पण गॉलच्या आवाजातली ती भयावह स्थिरता तिथे नाही आणि तिची उणीव भासते.

२०१२ मध्ये गॉल परतला आणि गॉड सीडचा 'आय बिगिन' हा अल्बम आला. त्यात कीबोर्ड आणि विद्युत ध्वनींना पूर्वीपेक्षा जास्त जागा आहे. चार भिंतींत अडकलेले संगीत एखाद्या मोठ्या सभागृहात नेऊन ठेवावे तसा त्याचा विस्तार वाटतो. या दोघांच्या भागीदारीचे हे सर्वांत पक्व फळ. दुर्दैवाने ते पहिले तसेच शेवटचेही ठरले. २०१५ मध्ये गॉल बाहेर पडला आणि पुढे त्याने 'गॉल्स विर्ड' या नावाने स्वतःचा समूह काढला. या वेळी नावावरून भांडण झाले नाही.

नेमक्या याच सुमारास बर्गनमध्ये दुसऱ्या एका नावावरून वाद पेटला होता. इम्मॉर्टल समूहाचा चेहरा असलेल्या अबाथने ते नाव व्यापारचिन्ह म्हणून स्वतःकडे नोंदवण्याचा प्रयत्न केला. डेमोनाझ आणि ढोलवादक होर्ग यांनी त्याला हरकत घेतली. अखेर २०१५ मध्ये अबाथ वेगळा झाला, नाव इतरांकडे राहिले. त्याने नवा समूह काढला आणि त्याला स्वतःचेच, म्हणजे 'अबाथ', हे नाव दिले. ज्या नावावर दुसरा कोणी हक्क सांगू शकणार नाही असे नाव हवे, तर याहून सुरक्षित निवड नाही. या समूहात बेस वाजवायला त्याने बोलावले ते विस्नेसला. 'आय' मधले नऊ वर्षांपूर्वीचे सोबती, आता दोघेही आपापली नावे गमावून एकत्र आलेले. 'अबाथ' याच नावाचा त्यांचा अल्बम जानेवारी २०१६ मध्ये 'सीझन ऑव्ह मिस्ट' या कंपनीने प्रसिद्ध केला. त्यात बेस दबलेला नाही. गिटारच्या खाली तो सरळ, जाडसर रेघेसारखा ऐकू येतो आणि वीस वर्षांपूर्वीच्या ध्वनिमुद्रणांशी तुलना केली तर या संगीतप्रकाराने आपल्या सर्वांत दुर्लक्षित वाद्याशी किती तडजोड केली आहे हे लक्षात येते.

२०१८ मध्ये विस्नेस याही समूहातून बाहेर पडला. गोर्गोरोथचे नाव आजही इन्फर्नसकडे आहे, आणि २००६ च्या अल्बमच्या वेष्टनावर रचनाकार म्हणून छापलेले 'किंग ऑव्ह हेल' हे नाव त्याच जागी आहे.